घेतलं लेकरासाठी, सोय झाली मोठ्यांची

पीकविम्याचा अर्ज भरून होतो, पावती हातात पडते, तरी माणूस खुर्चीवरून उठत नाही. मोबाईल पुढं करतो. पडद्यावर रंगीत चाकांचा वॉकर असतो. "दादा, हे मागवू का? नातवाला."

सोलापूर–धुळे महामार्ग आणि पाटोद्याहून केज-अंबाजोगाईकडं जाणारा रस्ता मांजरसुंब्याला एकमेकांना छेदतात. त्या चौकाजवळ झेरॉक्स, ऑनलाईन अर्ज आणि कॉम्प्युटर दुरुस्ती अशी तिहेरी पाटी लावलेलं एक दुकान आहे. दुकानदाराला आठ वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा. बायको अंगणवाडी सेविका. त्यामुळं लेकरांच्या वस्तू, टीव्हीवर काय लावावं, जुना कॉम्प्युटर ठेवावा की विकावा, असल्या प्रश्नांना हे दुकान म्हणजे पंचक्रोशीचं चौकशी केंद्र झालं आहे. विचारलं की तो मत देतो. न विचारताही देतो.

त्याचा मुद्दा एकच, बाकी सगळं त्याच्याभोवती फिरतं: पाकिटावर बाळाचं नाव असतं, पण वस्तू सोय कुणाची करते ते बघा. लेकराला हालचाल करू देते, की मोठ्यांचे हात मोकळे करते? मोठ्यांचे हात मोकळे व्हावेत यात वाईट काही नाही. ऊसतोडीला जाणारी बाई फडाच्या कडेला झोळी बांधते ती त्याचसाठी. पण झोळी तिच्या नजरेसमोर असते आणि चाकांवर पळत नाही.

हे मत पुस्तकातून आलेलं नाही. मुलगी बसायला लागली तेव्हा पुण्याहून मामा वॉकर घेऊन आला. घरात आनंद, लेकरू तर त्यात बसून हसूच लागलं. ओसरीला शहाबादी फरशी, पुढं ओटा, ओट्याला दोन पायऱ्या. आजी शेंगा निवडत होती, बाप फोनवर गिऱ्हाईकाला ओटीपी सांगायला लावत होता. वॉकरमधलं मूल सेकंदाला तीन-साडेतीन फूट जाऊ शकतं, हे त्याला नंतर कळलं. फोन खाली ठेवेपर्यंत वॉकर ओट्यावरून उलटला होता. बीडला नेऊन कपाळाला टाके घातले. व्रण आता भुवईत लपतो.

कॅनडानं २००४ सालीच वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली, आणि ती जुन्या वस्तूंच्या बाजारालाही लागू आहे. अमेरिकेत बंदी नाही. तिथं १९९० ते २०१४ या काळात वॉकरमुळं जखमी होऊन २ लाख ३० हजारांहून अधिक बाळं इस्पितळाच्या तातडीच्या विभागात आली, असा हिशोब २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेकांना डोक्याला नाहीतर मानेला मार होता, आणि चारातली तीन जिन्यावरून पडलेली. शिवाय वॉकरनं मूल लवकर चालतं हाही गैरसमजच. त्यात ते बोटांच्या टोकांवर ढकलत जातं, स्वतःचं वजन पेलायला शिकत नाही, आणि पाय कुठं पडतोय ते त्याला दिसत नाही. बालरोगतज्ज्ञ उलट सांगतात की चालणं लांबतं.

मामाचा वॉकर त्यानं कुणाला दिला नाही. फुकट मागणारे बरेच आले. त्यानं चाकं काढली आणि सांगाडा भंगारात घातला. शेजारी अजून म्हणतात, चांगली वस्तू मोडली.

मुलाच्या वेळी मग पांगुळगाडा आला. गावातल्या सुतारानं बाभळीच्या लाकडाचा केला, तीन चाकं आणि आडवा दांडा. यात मूल बसत नाही, मागं उभं राहून ढकलतं. दमलं की बुड टेकतं आणि गाडा तिथंच थांबतो. पण पांगुळगाडा म्हणजे निर्धोक, असं समजणाऱ्यांनाही तो टोकतो. शेणानं सारवलेल्या जमिनीवर हा गाडा जसा चालायचा तसा गुळगुळीत टाइल्सवर चालत नाही. तिथं चाकं सुळ्ळकन पुढं जातात आणि लेकरू तोंडावर येतं. त्यानं चाकांना सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि पुढच्या फळीखाली विटेचा तुकडा बांधला. वेग गेला. ओट्याच्या तोंडाशी फळी आडवी लावली ती वेगळीच.

बाबागाडीबद्दल त्याचं मत दोन वाक्यांत संपतं. कपिलधारच्या पायऱ्यांवर ती डोक्यावर घ्यावी लागते, आणि गल्लीतल्या खडीवर पोराचे दात वाजतात. कापडात बांधून पोटाशी घ्या, मात्र तोंड उघडं ठेवा आणि मांड्या फाकलेल्या राहू द्या, म्हणजे खुब्याला त्रास नाही.

दुधाच्या बाटलीवर बायको बोलते, तो ऐकतो. १९९२ च्या कायद्यानं बाळांसाठीचं पावडरचं दूध, बाटल्या आणि दोन वर्षांच्या आतलं बाळअन्न यांची जाहिरात करायला बंदी आहे. २००३ मध्ये तो कायदा आणखी कडक झाला. पावडरच्या डब्यावर गुटगुटीत बाळाचा फोटो नसतो तो त्यामुळंच, आणि आईचं दूध सर्वोत्तम असल्याची सूचना मोठ्या अक्षरांत छापावी लागते. वरचं द्यायची वेळ आलीच तर वाटी-चमचा, कारण तो खळखळून धुता येतो. बाटलीच्या बुचात काय साचतं ते तिनं गृहभेटीत पुष्कळ पाहिलं आहे.

मोटरसायकलवर मात्र दोघांचं एकमत. महामार्गावर उसाच्या ट्रॉल्या आणि ट्रक यांच्यामधून बाप गाडी हाणतोय, टाकीवर पोरगं बसलंय, मागं आई आणि तिच्या कडेवर दुसरं, हे चित्र चौकात दिवसभर दिसतं. १५ फेब्रुवारी २०२३ पासून देशभर नियम लागू आहे: नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा पट्टा हवा, मुलाच्या मापाचं हेल्मेट हवं आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. पट्टा म्हणजे मुलाला घालायचं जाकीट. त्याचे बंद चालवणाऱ्याच्या खांद्यांत अडकवायचे. तीस किलो वजन पेलेल इतका तो मजबूत असावा लागतो. असा पट्टा इथल्या दुकानांत सहसा मिळत नाही, मागवावा लागतो. नसेल तर त्याचा सल्ला सरळ आहे: घाट उतरून बीडला जायचं तर एसटीत बसा. पाच वर्षांखालच्या लेकराला तिकीट नाही, आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं. पेट्रोलपेक्षा स्वस्त पडतं.

त्याच्या धंद्यातून आलेली एक सूचना मात्र कुठल्याच आजीला ठाऊक नसते, आणि ती देताना तो खुर्ची पुढं ओढतो. कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी चकचकीत बॅटरी असते, सीआर २०३२. ती संपली की घड्याळ मागं पडतं, लोक दुकानात येतात, तो नवी घालतो. जुनी टेबलावर पडते. हीच बॅटरी गाडीच्या रिमोट चावीत असते, वजनकाट्यात असते, आणि तिची बारकी भावंडं यात्रेतल्या दिवे लागणाऱ्या खेळण्यांत. लेकरानं गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली, तर ओल्या मांसाशी वीज खेळून दोन तासांत आतून भाजतं. संपलेली बॅटरीही भाजते. घड्याळ चालवायला न पुरणारी वीज त्याला पुरते. मूल लाळ गाळतं, खायला नको म्हणतं, खोकतं, आणि घरचे सर्दी-दात म्हणून वाट बघतात. वाट बघायची नाही. ओकारी काढायला लावायची नाही. एक्स-रे असलेल्या दवाखान्यात धाव घ्यायची आणि गिळलेली वस्तू बॅटरी असू शकते हे पहिल्या वाक्यात सांगायचं, कारण फोटोत ती नाण्यासारखी दिसते. कडेला दुहेरी वर्तुळ दिसलं तर बॅटरी. त्याच्या दुकानात काढलेल्या प्रत्येक बॅटरीला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लागते आणि ती झाकणाच्या बरणीत जाते.

म्हणूनच खेळणं घेताना तो आधी उलटं करून पाहतो. बॅटरीचं झाकण स्क्रूनं बंद आहे का, आणि आयएसआयचा शिक्का आहे का. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना तो सक्तीचा आहे. यात्रेतल्या ताडपत्रीवर शिक्का शोधत बसलात तर यात्रा संपेल, हेही तोच सांगतो. तिथून लाकडी बैल किंवा भिंगरी घ्यावी.

आता पडदा. दुरुस्तीला येणाऱ्या मोबाईलच्या चार्जिंगच्या भोकात वरणभात सापडतो. पहिल्यांदा त्याला नवल वाटलं, आता तो टोकदार ब्रश घेऊन गुमान साफ करतो. मोबाईल दाखवल्याशिवाय पोरगं घासच घेत नाही, असं आई सांगते, आणि पोरगं तिच्या कडेवरून दुकानातल्या प्रत्येक पडद्याकडं मान वळवत असतं. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं स्पष्ट आहे: दोन वर्षांपर्यंत पडदा नको, दोन ते पाच या वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही कुणीतरी सोबत असताना. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये जवळपास हेच सांगितलं. मोबाईलवर आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होण्याची सोय बंद करता येते, ती तो गिऱ्हाईकासमोर बंद करून देतो. पैसे घेत नाही.

सिनेमाबाबत तो इतका कडक नाही, उलट शौकीन आहे. घरी सगळ्यांनी मिळून एक सिनेमा बघायचा, मोठ्या टीव्हीवर, दिवा चालू ठेवून. पण प्रमाणपत्रावर विसंबायचं नाही. २०२३ च्या कायद्यातल्या दुरुस्तीनं 'यूए'चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले, हे चांगलंच झालं. तरी सेन्सॉर बोर्डाला वय कळतं, तुमचं पोरगं भित्रं आहे का ते कळत नाही. 'झपाटलेला' आला १९९३ मध्ये. आजच्या आईबापांना तो लक्ष्मीकांत बेर्डेंचा विनोदी सिनेमा म्हणून आठवतो. मुलीला मात्र त्यात फक्त तात्या विंचू नावाचा बाहुला दिसला, आणि पुढं बरेच दिवस घरातली बाहुली कपाटात कोंडून ठेवावी लागली.

याच्या उलट 'एलिझाबेथ एकादशी'. परेश मोकाशींच्या २०१४ च्या या सिनेमात वडिलांनी बनवलेली सायकल विकली जाऊ नये म्हणून भावंडं कार्तिकीच्या गर्दीत पंढरपुरात दुकान मांडतात. मुलीला तो पाठ झाला आहे. सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला विभागून मिळाला होता, आणि तो उगाच नव्हे. 'नाळ'चं मात्र वेगळं. २०१७ चा हा सिनेमा सुंदर, त्यात भीतीदायक काहीच नाही, पण आपली आई सख्खी नाही हे त्यातल्या लहानग्या चैत्याला मामाकडून कळतं आणि तिथून पोरांच्या मनात चक्र सुरू होतं. मुलीनं रात्री आईला विचारलंच, "मी तुझीच ना?" अशा प्रश्नाला सोबत कुणी असावं एवढ्यासाठी तो सिनेमा एकट्या पोराच्या हाती द्यायचा नाही. 'फँड्री'चा नायक शाळकरी आहे म्हणून तो मुलांचा सिनेमा ठरत नाही. बारा वर्षांच्या आत नको, असं त्याचं मत. प्रस्तुत लेखकाला यात थोडी जास्तच सावधगिरी दिसते: जातीचा अनुभव काही पोरांना बाराव्या वर्षापर्यंत थांबून मिळत नाही.

कॉम्प्युटर त्याच्या घरी ओसरीत आहे, पडदा दाराकडं तोंड करून. स्वयंपाकघरातून दिसतो. मुलीचं खातं वेगळं, त्याला नवं काही बसवायचा अधिकार नाही, पासवर्ड आईकडं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून घाबरलेले लोक जुनी मशीन कवडीमोलानं विकायला आणतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती बऱ्याच जुन्या मशीनमध्ये नसते. तो सांगतो, विकू नका. हार्ड डिस्क काढून एसएसडी घाला, रॅम आठ जीबी करा, लिनक्स टाका. पोरांना टायपिंग, चित्रं आणि दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठीचं मोफत 'जीकॉम्प्री' एवढ्याला ते भरपूर झालं. बँकेचा व्यवहार मात्र जुन्या विंडोजवर नको. वायरिंगला अर्थिंग आहे का ते आधी पाहा. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर वायरमन बोलवा. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर नको, भिंतीला कमरेच्या वर.

आणि लेकरांचे कागद. बाल आधार, जन्माचा दाखला, बँकेचं पासबुक, सगळं लोक त्याच्या व्हॉट्सअॅपवर पाठवतात आणि विसरतात. तो रोज संध्याकाळी ते पुसतो, रिसायकल बिनसकट. दुसऱ्या दुकानात गेलात तर समोर उभं राहून पुसून घ्या, आणि चालत असेल तिथं आधारचे आकडे झाकलेली प्रत द्या. फसवणूक झालीच तर १९३० ला लगेच फोन. पैसे थांबवायचे असतील तर पहिले काही तासच कामाचे.

सध्या घरात वाद चालू आहे तो मुलीच्या मोबाईलचा. शाळेचा गृहपाठ ग्रुपवर येतो आणि तो ग्रुप आईच्या फोनवर; आई गृहभेटींना गेली की संध्याकाळपर्यंत गृहपाठ कळत नाही. बायको म्हणते, साधा एक फोन घेऊन टाकू. तो म्हणतो, दहावीपर्यंत नाही. मधला मार्ग म्हणून त्यानं ओसरीतल्या कॉम्प्युटरवर आईचं व्हॉट्सअॅप जोडून दिलं, तर मुलीनं पहिल्याच दिवशी मावशीच्या निरोपाला आईच्या नावानं उत्तर पाठवलं.