गडगडलं की घरी

अगं, बियाणं आलं, खत आलं, डवऱ्याला नवी पास बसवली, सगळं तू फोनवर सांगितलंस. पावसाळ्याची तयारी म्हटली की आपल्याकडे वावराचंच बोलतात. घरातल्या माणसांची तयारी कुणी विचारत नाही, म्हणून आज मी विचारणार आहे. त्या घरात आता तुझ्या शब्दाला मान आहे, तो इथे वापर.

तुला वाटेल, ताई आता मेणबत्त्या नि बिस्किटांची यादी देणार. सामानाचंही सांगते, पण नंतर. आधी हे ऐक. आपल्या वाशिमकडे घात होतो तो वावरात नाहीतर नाल्यावर, 'एवढं उरकलं की निघू' म्हणता म्हणता. आभाळ भरून आल्यावर थोरले म्हणतात थांबू, धाकटे म्हणतात निघू, आणि बायका दोघांच्या तोंडाकडे बघत उभ्या राहतात. काय करायचं ते अशा वेळी ठरवायला गेलं की उशीर होतो. ते आधीच, घरात सगळे जेवायला बसलेले असताना ठरलेलं पाहिजे.

सगळ्यात जास्त भीती मला तुमच्या सोयाबीनच्या सोंगणीची वाटते. हस्त-चित्राचे दिवस, दुपारपर्यंत कडक ऊन आणि तीन-चारला आभाळ काळंभोर. सोंगलेला माल भिजला तर दाणा काळा पडतो, शेंगेतच कोंब येतात, भाव जातो. म्हणून अख्खं घर सुडी लावायला धावतं, एक जण ताडपत्री ओढतो, दुसरा दगड ठेवतो. वीज पडायची वेळही हीच. वर्षभराची कमाई समोर पडलेली असताना हात सोडवत नाही, हे मला कळतं. तरीही सोडायचा. आणि पाऊस सुरू व्हायची वाट बघू नकोस, पावसाचा थेंब नसतानाही वीज पडते. चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मनात आकडे मोजलेस तर अंतर कळतं: आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण 3 सेकंद लागतात. 30 च्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची तुमच्या धुऱ्यावर पडू शकते. पण खरं सांगू, मोजत बसूच नको. गडगडलं की घरी, एवढाच नियम कर. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास होईपर्यंत कुणी पुन्हा वावरात जायचं नाही.

जावईबापूंच्या मोबाइलवर 'दामिनी' टाकून घे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने केलेलं ॲप आहे, जवळपास वीज पडत असेल तर सांगतं. वावरात रेंज नसते म्हणतेस, तर घरी जे कुणी थांबेल त्याने आभाळावर आणि मोबाइलवर नजर ठेवायची आणि कुणाला तरी बोलवायला धाडायचं. नागपूरचं हवामान केंद्र विदर्भाला जिल्हावार इशारा देतं. त्यात वाशिमच्या पुढे नारिंगी किंवा लाल असेल, त्या दिवशी दूरच्या वावरातलं काम काढायचंच नाही.

आणि झाडाखाली उभं राहायचं नाही. तुला पारसचं आठवतं ना? आपल्या शेजारीच, अकोला जिल्ह्यात. 9 एप्रिल 2023, रविवारची रात्र. बाबूजी महाराज मंदिरात माणसं जमलेली, वारा-पाऊस आला म्हणून सगळी टिनाच्या शेडखाली गेली आणि शेजारचं जुनं कडुलिंबाचं झाड त्या शेडवर कोसळलं. 7 माणसं गेली, कितीतरी जखमी झाली. त्यांनी काय चुकीचं केलं? पाऊस आला की आपण सगळेच छपराखाली जातो. त्या दिवसापासून मी कुठेही गेले की आधी वर बघते, छपरावर कोणतं झाड झुकलंय का. तुमच्या कोठ्यावर बाभळीची फांदी आलेली आहे, ती मृगाच्या आधी छाटून घ्या. टिनावर नुसते दगड ठेवलेत, तेही काढायला लाव आणि पत्रे आकडे घालून आवळून घ्या. वावटळीत पत्रा उडतो तेव्हा त्यावरचा दगड कुणाच्या अंगावर जाईल सांगता येत नाही.

घर लांब आणि वीज डोक्यावर, असं झालं तर? पाणी साचलेलं नाही अशी खोलगट जागा बघायची, दोन्ही पाय जुळवून उकिडवं बसायचं, मान खाली, हात कानांवर. आडवं पडायचं नाही. हा शेवटचा उपाय आहे, घर किंवा बंद गाडी मिळत असेल तर तिथेच जायचं. सगळ्या बायका घोळक्याने बसतात, ते नको. एकमेकींत अंतर ठेवायचं. रोह्यांसाठी लावलेल्या तारेच्या कुंपणापासून लांब, कारण वीज तारेने दूरवर जाते. बैल झाडाला बांधलेले असतील तर निघतानाच सोडून घ्यायचे.

तुझ्या सासूबाई पायाळू माणसाला गडगडाटात बाहेर जाऊ देत नाहीत. त्यांच्याशी वाद घालू नकोस. एवढंच म्हण, आत्याबाई, आपण सगळ्यांनाच पायाळू समजू आणि सगळ्यांनाच आत घेऊ. मात्र एका गोष्टीत ऐकू नकोस. वीज पडलेल्या माणसाला हात लावायचा नाही, त्याच्यात करंट असतो, किंवा त्याला शेणात ठेवायचं, असं कुणी म्हणालं तर थांबायचं नाही. अंगात करंट राहत नाही. श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात आणि भरभर दाबायचं, मिनिटाला शंभर-एकशेवीस वेळा, आणि दुसऱ्याने 108 ला फोन लावायचा. वीज पडलेला माणूस असा दाबल्याने परत येऊ शकतो. गावच्या आशाताईंना हे दाबणं एकदा दाखवायला सांग, उशीवर करून बघा.

आता नाल्याचं. तुमच्या गावचा रपटा मला आवडत नाही, पहिल्यापासून. वर आभाळ कोरडं असलं तरी मागच्या माळावर पाऊस झाला की पाणी एकदम येतं, आणि पैनगंगा फुगली की नाल्याचं पाणी पुढे जायला जागाच राहत नाही. अर्धा फूट वाहतं पाणी माणसाचे पाय सुटवतं, आणि दीड-दोन फुटांत मोटारही वाहून जाते. मोटारसायकलचं काय घेऊन बसलीस! रपट्याच्या कडेच्या दगडावर लाल रंगाची रेघ ओढायला सांग. पाणी रेघेला लागलं की ज्या बाजूला असू तिथेच मुक्काम. रिसोडला चुलत सासूबाईंचं घर आहे, त्यांना आजच सांगून ठेव की कधी रात्री अचानक दारात उभे राहू. पोरांच्या शाळेतही सांग: पाणी असेल तर पाठवू नका, आम्ही घ्यायला येऊ. जुलै 2023 मध्ये यवतमाळच्या महागाव तालुक्यात आनंदनगरला पुराने असा वेढा घातला की हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवायची वेळ आली. असं पाणी चढायला लागलं तर रात्र पडायच्या आत उंचावरच्या घरी जायचं, 1077 ला जिल्ह्याच्या आपत्ती कक्षात फोन करायचा, आणि गुरांची दावी सोडून द्यायची.

सामानाचं थोडक्यात सांगते. झड लागली की लाइन जाते, आणि लाइन गेली की गिरणी बंद, नळाचं पाणी बंद. म्हणून गहू-ज्वारीचं आठवड्याचं दळण आधीच आणून ठेव; घरात कणगी भरलेली आणि पीठ नाही, असं नको. रांजण, घागरी भरून. तुऱ्हाटी आणि गोवऱ्या पत्र्याखाली कोरड्या, पण लाकडांत हात घालताना आधी बॅटरी मारायची, ओल्या दिवसांत साप तिथेच येऊन बसतो. चावलाच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिकाकडे न्यायचं नाही. हात-पाय हलू न देता थेट दवाखाना. सापाचं इंजेक्शन जवळ कुठल्या सरकारी दवाखान्यात असतं, हे या आठवड्यातच विचारून ठेव. मामाजींच्या बीपीच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या शिल्लक हव्यात. पुरानंतर विहिरीचं पाणी औषध टाकल्याशिवाय आणि उकळल्याशिवाय कुणाच्या तोंडाला लागू देऊ नको. आणि तार तुटून पडली तर जवळ जायचं नाही, 1912 ला कळवायचं.

गारपिटीलाही धर. 11 फेब्रुवारी 2018 ला आपल्याकडे ऐन रब्बीत गारा पडल्या, गहू-हरभरा झोपला. गार माणूसही मारते. डोक्यावर टोपलं, पोतं, जे हाताला येईल ते धरायचं आणि पक्क्या घराकडे पळायचं.

एक गोष्ट बोलायला जीभ रेटत नाही, पण बोलते. आधार, सातबारा, पासबुक, रेशनकार्ड एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेव आणि फोटो काढून मलाही पाठव. नैसर्गिक आपत्तीत माणूस गेला तर घरच्यांना सरकारकडून 4 लाख रुपयांची मदत मिळते, दुधाचं जनावर गेलं तर तेही नियमात बसतं. पण त्यासाठी पंचनामा लागतो, शवविच्छेदनाचा कागद लागतो. रडताना हे कुणाला सुचत नाही. तुमच्या घरी निदान एकाला माहीत असावं, आणि ती तू अस.

आता सगळ्यात अवघड. तुमच्याकडे सोंगायला बायका मजुरीने येतात. गडगडलं की घरी, हा नियम त्यांच्यासाठीही असला पाहिजे, आणि तो तुम्ही बोलल्याशिवाय त्यांच्यापर्यंत जाणार नाही. दुपारी काम सोडलं तर अर्ध्या दिवसाची मजुरी कापतील या भीतीने त्या विळा खाली ठेवत नाहीत. उक्ता घेतला असेल तर आणखी घाई. म्हणून जावईबापूंना सांग, सकाळी पहिल्या तासालाच, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोला: आभाळ वाजलं की काम बंद, मजुरी पूर्ण. खर्च वाढेल, मला माहीत आहे, तुझ्या घरचा हिशोब माझ्यापासून लपलेला नाही. कमी पडलं तर माझ्याकडे माग. मामाजी 'असं कुठे असतं का' म्हणतील, तेव्हा मला फोन दे, मी बोलते त्यांच्याशी.