मे महिन्यात मॉरिशस?

प्रश्न : आम्ही बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीचे. वृद्ध आई-वडील व दोन मुलांसह प्रथमच परदेशी बेटावर जायचे आहे. मे महिन्यात मॉरिशस योग्य ठरेल का? आई पूर्ण शाकाहारी आहे. – एक वाचक

उत्तर : अगदी योग्य. मलकापूर-नांदुऱ्याकडे पारा चाळिशीपार असतो, तेव्हा तिथे हिवाळा सुरू होतो आणि जानेवारी ते मार्चचा वादळांचा काळ सरलेला असतो. मात्र त्या दिवसांत आग्नेयेकडून वारे जोरात वाहतात. म्हणून मुक्काम पूर्व किनाऱ्यावर नको. उत्तरेला ग्रँड बे किंवा पश्चिमेला फ्लिक-आँ-फ्लाक इथे समुद्र शांत मिळेल. वडीलधाऱ्यांसाठी ते फार मोलाचे.

आईंच्या जेवणाची काळजी नको. डाळपुरी तिथे रस्त्यावर मिळते. एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्या मजुरांचे मराठी वंशज तिथे आहेत, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते. कास्कावेलचे महाराष्ट्र भवन आईंना जरूर दाखवा.

आगाऊ व्हिसा लागत नाही. परतीचे तिकीट व निवासाचे आरक्षण जवळ ठेवा. विमान मुंबईहून थेट मिळते, पण मलकापूरहून रेल्वेने आदल्या दिवशीच मुंबई गाठा. पासपोर्ट मुलांनाही स्वतंत्र लागतात. ते आधी काढा, तिकिटे नंतर.