कासवामागे जाणारं करिअर

दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या नव्या महाराष्ट्र सदनात यूपीएससीच्या मुलाखतीला आलेली मराठी मुलं उतरतात. बहुतेक घरांचं स्वप्न कलेक्टर किंवा एसपी. पण मुलगी म्हणाली, ‘मला समुद्री कासवांवर संशोधन करायचंय’, तर आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो, पोट भरेल का? प्रश्न रास्त आहे. आधी काम समजून घेऊ.

जानेवारी 2022 मध्ये कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या एका कासव मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवला. तिचं नाव ‘प्रथमा’, कारण भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर असं यंत्र बसवलेली ती पहिलीच. वन विभागाच्या मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनने देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेबरोबर हे काम केलं. मादीची अंडी घालून होईपर्यंत तिला हात लावायचा नाही. मग पाठ घासून स्वच्छ करायची, इपॉक्सीने यंत्र चिकटवायचं आणि ते घट्ट बसेपर्यंत थांबायचं. कासव श्वास घ्यायला वर आलं की यंत्र संदेश पाठवतं. उपग्रहाला त्या संदेशाच्या फ्रिक्वेन्सीत जाणवणाऱ्या फरकावरून जागा काढतात. फिजिक्सच्या पुस्तकातला डॉप्लर परिणाम तो हाच. पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात गेली! संदेश बंद पडले म्हणजे कासव मेलं असं मात्र नाही. बॅटरी संपते, अँटेना तुटते.

किनाऱ्यावरच्या रात्री मोजक्या, कॉम्प्युटरपुढचे महिने जास्त. स्टॅटिस्टिक्स, जीआयएस आणि ‘आर’मधलं कोडिंग यांवाचून इथे निभाव लागत नाही. प्राण्यांची आवड सगळ्यांनाच असते. आकड्यांना न घाबरणारी मुलं टिकतात.

बी.एस्सी. किंवा व्हेटर्नरी पदवीनंतर देहरादूनची हीच संस्था किंवा बंगळुरूची एनसीबीएस ही संशोधन संस्था इथे वन्यजीवशास्त्रात एम.एस्सी. करता येते. जागा अगदी थोड्या, प्रवेश परीक्षा कठीण. सुरुवातीची वर्षं प्रकल्पाच्या फेलोशिपवर जातात. प्रकल्प संपला की नवा अर्ज. घर एकट्या मुलीच्या पगारावर चालणार असेल, तर हे आधीच बोलून घ्या. यूपीएससीचीच भारतीय वन सेवा स्थिर नोकरी देते, मात्र तिथे प्रशासन अधिक, संशोधन कमी.

निर्णयाआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलीला घेऊन वेळास किंवा आंजर्ल्याला जा. तिथल्या कासवमित्रांचं काम पाहू द्या, पहाटे उठू द्या. आणि प्राणिशास्त्र घ्यायचं ठरलं तरी बारावीला गणित सोडू देऊ नका.