इंग्रजी येत नाही, व्हिसा मिळेल का?

प्रश्न : लेकीकडे अमेरिकेला जायचंय. दौंडचा एजंट म्हणतो, खात्यात २० लाख दाखवा. मुलाखतही इंग्रजीतच होते. खरं का?
– एक शेतकरी, शिरूर

उत्तर : दोन्ही खरं नाही. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात मराठीतून मुलाखत देता येते, निर्धास्त जा. ठरावीक शिलकेची अटही नाही. उसने पैसे खात्यात मात्र भरू नका, संशय त्यानेच येतो. परत येण्याची तुमची कारणं भक्कम आहेत : सातबारा, उसाची बिलं, घर. कागद जवळ ठेवा, मागितले तरच दाखवा. अधिकारी मुख्यतः तुमचं बोलणं ऐकतो. डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज एजंटाने भरला तरी जबाबदारी तुमचीच, म्हणून लेकीकडून प्रत्येक ओळ वाचून घ्या. नकार आला तर शुल्क परत मिळत नाही. विमानाचं तिकीट व्हिसा हाती आल्यावरच काढा.