खोडव्याची पहार कोणी शिकवायची?



गेल्या पावसाळ्यात काही सभासदांना घेऊन आम्ही रायगड जिल्ह्यात गेलो होतो. नेरळजवळ श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी नांगरट व चिखलणी न करता गादीवाफ्यावर भात घेण्याची 'सगुणा राईस तंत्र' ही पद्धत विकसित केली, ती पाहायची होती. "भाताचं उसाला काय?" असे काहींनी विचारलेच! पण पिकाची मुळे जमिनीतच राहू द्यायची हे तिथले सूत्र आणि खोडव्याचे पाचट जाळायचे नाही हे आपले सूत्र, ही दोन्ही एकाच नात्यातली.

परतताना कर्जत-खालापूर टापूतील कुंभिवलीच्या शिवारात थांबलो. आवणी, म्हणजे आपली भातलावणी, चालू होती. दोन जाणत्या बायांच्या मध्ये एक नवी सून उभी होती. चुडात काड्या किती घ्यायच्या, अंतर किती ठेवायचे, हे तिला कोणी सांगत नव्हते. ती शेजारणीच्या हाताकडे बघून लावीत होती. रोप फार खोल गेले की शेजारची बाई बोलता बोलताच ते उपटून वर लावी. तासाभरात सुनेचा हात ओळीबरोबर चालू लागला.

तेव्हा आम्हाला आपला खोडव्याचा वर्ग आठवला. सभागृह भरले होते, तक्ते लावले होते, चहाही झाला. तोडणीनंतर बुडखे जमिनीलगत छाटावेत, एकरी ३ ते ४ टन निघणारे पाचट सरीत ठेवावे, रासायनिक खत पहारीने द्यावे: बुडख्यापासून १० ते १५ सें.मी. अंतरावर, तितकेच खोल, दोन छिद्रांत ३० सें.मी. अंतर ठेवून. पहिला हप्ता १५ दिवसांच्या आत एका बाजूला, दुसरा १३५ दिवसांनी दुसऱ्या बाजूला. सगळे वहीत उतरले. पुढे फेरीला गेलो तर वही असणाऱ्यांच्याच रानात पाचट पेटलेले! पहार दिसली ती ज्यांच्या बांधाला आधीच पहारीचा खोडवा होता त्यांच्याकडे.

चूक आमचीच. वर्गाला मालक आले, पहार मारणारा गडी आणि खत टाकणारी बाई आलीच नाहीत, कारण आम्ही त्यांना बोलावलेच नव्हते.

अमेरिकेतही हेच दिसले होते. आयोवा राज्यात संकरित मका कसा पसरला याचा रायन आणि ग्रॉस यांचा अभ्यास १९४३ साली प्रसिद्ध झाला. बियाण्याची पहिली बातमी बहुतेकांना विक्रेत्याकडून कळली, पण पटली ती शेजाऱ्याचे पीक पाहून. लांब कशाला, आपल्या कारखान्यातला पॅनमन घ्या. काचेवर पाकाचा नमुना धरून दाणा ओळखायला तो जुन्या पॅनमनशेजारी पाळ्या काढूनच शिकतो.

मात्र शेजारी वाईटही शिकवतो, हे विसरून चालणार नाही. पाचट पेटवणे आपण कोणत्या वर्गात शिकलो? तोडणीच्या टोळीत नवा कोयता जुन्याचे बघून उंच तोडायला शिकतो. साखर जास्त असते ती बुडख्याकडे, आणि नेमका तोच भाग रानात राहतो. वर राहिलेल्या डोळ्यांतून फुटवे निघतात तेही अशक्त. म्हणून टोळी फडात उतरली की पहिल्या दिवशी मुकादमाने नव्या जोडीला चांगल्या कोयत्याच्या शेजारची पात द्यावी आणि मालकाने थोडा वेळ तिथे थांबावे. वजनावर मजुरी असली की घाई होणारच, त्यात टोळीला दोष देऊन भागत नाही.

यंदा खोडव्याचा वर्ग सभागृहात नाही. प्रत्येक गटात एका सभासदाच्या रानात, तोड झाल्यावर लगेच, सकाळी. तिथे आम्ही थोडेच बोलू. ज्याने दोन-तीन खोडवे पहारीवर घेतले आहेत तो सभासद आणि त्याचा गडी दोन सऱ्या करून दाखवतील, बाकीच्यांनी पुढच्या सऱ्या करायच्या. मागच्या वर्षी कोणाचे काय फसले, तेही तिथेच मोकळेपणी सांगावे. कोणी हसणार नाही.

रानात काम करणारे गडी व बाया यांना सोबत आणावे, त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडवू नये. तारखा गट कार्यालयात लावल्या जातील. पहार ज्याने त्याने आपली आणावी, आमच्याकडे दोनच आहेत.