आपली बाजरी

मित्रांनो, आपला शिरूर-दौंडचा मुलूख पर्जन्यछायेचा. पाऊस कमी, म्हणून खरिपात बाजरी, रब्बीत ज्वारी अशी जुनी रीत. कालव्याचे पाणी आले तसा ऊस वाढला. पण उसाला वर्षभर पाणी लागते. बाजरी तीन महिन्यांत हाती येते.

१९७२ च्या दुष्काळात लोकांनी परदेशातून आलेल्या मिलोवर दिवस काढले. घरच्या भाकरीचे मोल आजी-आजोबांना विचारा! संयुक्त राष्ट्रांनीही २०२३ हे भरडधान्य वर्ष पाळले. बाजरीत लोह असते.

मग आपण काय करायचे?

१) डब्यात पाकिटातल्या खाऊऐवजी भाकरी अन् शेंगदाण्याची चटणी आणायची.
२) भाजी धुतलेले पाणी परसातल्या शेवग्याला घालायचे.
३) पालापाचोळा जाळायचा नाही, उकिरड्यात टाकायचा.

पालकांनो, घरच्यापुरती तरी बाजरी पेरा बरं का!