लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त का वाढत नाही?

"माझे पती जुन्या बॅटऱ्या फोडून शिशाच्या प्लेटा काढण्याचे काम करतात. तीन महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या तरी रक्त वाढत नाही. सारखा थकवा असतो, पोटात कळा येतात," असे एका वाचक भगिनीने कळविले आहे. पत्रावरून निदान करणे योग्य नव्हे. पण हा धंदा पाहता शिशाच्या विषबाधेचा संशय मी घेईनच.

आपल्या बहुतेक पेशींत मायटोकॉन्ड्रिया नावाचे सूक्ष्म घटक असतात. शालेय पुस्तकात त्यांना तंतुकणिका म्हणतात. अन्न आणि प्राणवायू यांपासून पेशीला लागणारी ऊर्जा तेथे तयार होते, म्हणून त्यांना पेशीचे वीजघर म्हणण्याची पद्धत आहे. त्यांचे दुसरे काम मात्र फारसे कोणी सांगत नाही. हिमोग्लोबिनमधील लोहयुक्त भाग म्हणजे हीम. ते बनविण्यास सुरुवात मायटोकॉन्ड्रियात होते, मधल्या काही पायऱ्या बाहेर होतात आणि शेवटची पायरी पुन्हा आत पार पडते. तेथे फेरोकिलेटेज नावाचे एन्झाइम तयार सांगाड्यात लोहाचा अणू बसविते. पूर्ण वाढलेल्या तांबड्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया नसतात. हे काम आधीच, अस्थिमज्जेत उरकलेले असते.

शिसे नेमके या एन्झाइमला अडविते. मधल्या पायरीवरच्या आणखी एका एन्झाइमलाही ते सोडत नाही. मग लोह असूनही जागेवर बसत नाही, त्याच्याऐवजी जस्त जाऊन बसते. गवंडीच कामावर नसेल तर अंगणात विटांचा ढीग टाकून भिंत थोडीच उठणार?

शिशाची दुसरी लबाडी म्हणजे ते कॅल्शियमचे सोंग घेते. त्या वाटेने मायटोकॉन्ड्रियात शिरून ते ऊर्जानिर्मितीतही बिघाड करते. मेंदूला ऊर्जा फार लागते आणि मुलांचा मेंदू तर वाढीला लागलेला असतो. शिवाय पोटात गेलेले शिसे मोठ्यांपेक्षा मुलांचे शरीर कितीतरी जास्त शोषून घेते.

मग लोहाच्या गोळ्या बंद कराव्यात काय? मुळीच नाही. लोह आणि कॅल्शियम कमी पडले की आतडे शिसे अधिक ओढून घेते. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चालू ठेवाव्यात, आहारात दूध, नाचणी असावी. मात्र डॉक्टरांना आपला धंदा आवर्जून सांगावा आणि रक्तातील शिसे तपासून घ्यावे. १०० मिलिलिटर रक्तात ते ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक निघाले तर उगम शोधून तो थांबवावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचविले आहे. त्याखालचे प्रमाणही निर्धोक मानले जात नाही. काम थांबले की रक्तातले शिसे उतरू लागते. हाडांतले मात्र वर्षानुवर्षे ठाण मांडून बसते. ते बाहेर काढण्याची औषधे आहेत, पण ती केव्हा द्यायची हे तज्ज्ञांनीच ठरवावे. शक्तीसाठी कोणी नागभस्म सुचविले तर सरळ नकार द्या. येथे नाग म्हणजे शिसेच!

आता त्या भगिनीसाठी. कामाचे कपडे शक्यतो घरी आणू देऊ नका. आणलेच तर घरात झटकू नका, वेगळे धुवा. तंबाखू मळण्यापूर्वी, जेवणापूर्वी साबणाने हात धुवायला सांगा. मुलांना जवळ घेण्याआधी त्यांची अंघोळ झालेली असावी. घरात लहान मुले असतील तर त्यांचेही रक्त याच आठवड्यात तपासून घ्या.